पत्त्यांची घोडी

माझ्या बाबांचा डावा हात मनगटापासून गेला तो तोट्याने. तोटा म्हणजे विहिरीचा खडक फोडायला लागते ती सुरुंगाची कांडी. आमच्या खाडीत काही दीडशहाणे ती मासे मारायला वापरायचे. वात पेटवायची, तोटा पाण्यात भिरकावायचा, धडाका झाला की मासे पोट वर करून तरंगायला लागायचे, ते पाटीत भरायचे. जाळं नको, मेहनत नको. माझे बाबा त्या दीडशहाण्यांचे म्होरके. त्या दिवशी वात आखूड निघाली आणि तोटा हातातच फुटला. होडीत बरोबर असलेल्या दोघांनी त्यांना पंच्यात गुंडाळून घरी आणलं तेव्हा आई खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, सुकत घातलेले बांगडे परतत होती. तिने पंचा उघडून पाहिला, परत बांधला आणि मला म्हणाली, आत जा. मी गेले नाही. मला सगळं बघायचं होतं. मी तशीच आहे पहिल्यापासून.

मालवणच्या दवाखान्यात सांगितलं की विहिरीच्या कामावर अपघात झाला. तोट्याने मासे मारणं गुन्हा, म्हणून अख्खी वाडी मूग गिळून बसली. बाबा बरे होऊन घरी आले ते मनगटाशी गाठोड्यासारखं शिवलेलं थोटूक घेऊन.

हात गेलेला माणूस गरीब गाय होतो असं कुणाला वाटत असेल तर त्याने आमच्या घरी येऊन राहायला हवं होतं. बाबा आधीही मारायचे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तेव्हा वाडीतल्या निम्म्या घरांत हेच चालायचं आणि बाया विहिरीवर एकमेकींचे वळ बघून न बघितल्यासारखं करायच्या. पण पूर्वी बाबांची मस्ती दोन हातांत वाटलेली होती. वल्हं मारायचं, रापणीचं जाळं ओढायचं, माडावर चढायचं, त्यात बरीचशी जिरायची. आता ती सगळी एका हातात आली. थोटकाने ते आईला कोपऱ्यात दाबून धरायचे आणि उजव्या हाताने हाणायचे. मला थोटकाची जास्त भीती वाटायची. हात निदान येताना दिसायचा. थोटूक नुसतं गळ्यावर येऊन बसायचं आणि तिथून हलायचं नाही.

माझ्या वाटेला क्वचित यायचं. का कोण जाणे, मला ते फारसं मारत नसत. माझ्याशी बोलतही नसत म्हणा. जवळ घेणं, डोक्यावरून हात फिरवणं हे प्रकार आमच्या घरी नव्हतेच. मी बारातेरा वर्षांची होते, एकुलती एक होते, आणि त्यांच्या लेखी खळ्यातल्या पाट्यावरवंट्यासारखी होते. असते, झालं.

आता पत्त्यांचं सांगते. पावसाळ्यात दर्या बंद. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या, जाळी दुरुस्त करून टांगलेली, पुरुषांना काम नाही. अशा वेळी थोरल्या काकांच्या मांगरात, म्हणजे घरापासून जरा दूर होडीचं सामान ठेवायची जी शाकारलेली पडवी होती तिथे, दुपारचं जेवण झालं की पत्त्यांचा डाव बसायचा. मेंढीकोट. चौघांचा खेळ, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. चारही दश्श्या एकाच बाजूने मारल्या की समोरच्यांवर कोट चढला, आणि ज्याच्यावर कोट चढला त्याला पुढचे चार दिवस जो तो चिडवणार. बाबा या खेळात वाघ होते. कुणाच्या हातात काय आहे हे त्यांना पान पडण्याआधी कळायचं. वाडीत त्यांना मान असा होता तो त्या डावातच, बाकी त्यांना सगळे भिऊन असत.

आणि आमचं घर त्या डावावर चालायचं. बाबा खेळून आले की रिकामे झालेले असत. जेवायचे आणि झोपायचे. खेळ झाला नाही की आईची हाडं मोकळी व्हायची. हा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता. आमच्या घरात राहणाऱ्या मांजरालाही तो येत होता.

तर हात गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात बाबा मांगरात गेले आणि तेरा पानं घेऊन बसले. आता एका हाताने तेरा पानं धरणार कशी, आणि धरली तर टाकणार कशाने? पानं मांडीवर पालथी ठेवून बघितली, दर वेळी उचलून बघावी लागत. थोटकाखाली दाबून बघितली, निसटली. शेवटी शेजारचा एक खलाशी होता, मुंबईच्या बोटीवरून रजेवर आलेला, तो म्हणाला, मी धरतो तुमची पानं, तुम्ही बोटाने दाखवा. दोन डाव तसे झाले. तिसऱ्या डावात त्या शहाण्याने बाबांची पानं बघून समोरच्याला डोळा मारला. गंमत म्हणून. बाबांनी ते पाहिलं. त्यांनी उजव्या हाताने त्याचे केस धरले आणि त्याचं डोकं मांगराच्या कडेला ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर आपटलं. एकदा नाही, सोडवेपर्यंत आपटत राहिले. त्याचे पुढचे दात होडीतच पडले आणि कान अर्धा फाटला. पावसाचं पाणी मांगरातून वाहत होतं ते लाल होऊन आमच्या घरामागच्या परड्यापर्यंत आलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

काका मांगराचे मालक आणि बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं की स्वतःची पानं स्वतः धरता येतील तेव्हाच मांगराची पायरी चढ, तोवर तुझं तोंड दाखवू नको. बाबा घरी आले. त्या दिवशी आईची दोन बोटं मोडली. मी चुलीमागे बसून कान झाकले होते, तरी हाड मोडल्याचा आवाज आला. तो वाळलेली काटकी मोडावी तसाच असतो, काही वेगळा नसतो.

मग रोजचंच झालं. दुपार झाली की मांगरातून पानं आपटल्याचे आणि ओरडण्याचे आवाज यायचे, बाबा ओसरीवर बसून ते ऐकायचे, आणि त्यांच्या मानेच्या शिरा फुगत जायच्या. आई आत धुण्याच्या घड्या घालायचं निमित्त करून दाराजवळ राहायची, म्हणजे पळता येईल. पण पळणार कुठे? बाहेर धो धो पाऊस, माहेर वैभववाडीच्या पलीकडे घाटाखाली, आणि तिथे गेली तरी भाऊ चार दिवसांत आणून सोडणार. मला तेव्हा स्पष्ट दिसत होतं की हा पावसाळा संपेपर्यंत माझी आई जिवंत राहणार नाही. मी अतिशयोक्ती करत नाही. वाडीतली एक बाई आदल्या वर्षी अशीच गेली होती, आणि विहिरीत पाय घसरला असं सांगून सगळे मोकळे झाले होते.

आमच्या शाळेत तेव्हा हस्तव्यवसाय म्हणून पुठ्ठेकाम शिकवायचे. पेनदाणी, कागद ठेवायची पेटी, पाटीची पिशवी असली फुटकळ कामं. पण गुरुजी कडक होते. पुठ्ठा दुमडायचा तर आधी सुरीने निम्म्या जाडीइतकीच चीर द्यायची, चीर बाहेरच्या अंगाला ठेवून दुमडायचं, सांध्यावर आतून कापडाची पट्टी चिकटवायची, खळीत मोरचूद घालायचा म्हणजे कसर लागत नाही. हे सगळं माझ्या हातात बसलेलं होतं. एके दिवशी मी घरी पेनदाणी करत होते, तिच्या दोन भिंतींमध्ये फूटपट्टी उभी राहिलेली बघितली आणि मला सुचलं. पट्टी उभी राहते तर पान का नाही राहणार?

आईने कट्टा गावच्या बाजारातून कापडाच्या ठाणातला जाड पुठ्ठा आणून दिला. कशाला हवा ते मी तिला सांगितलं नाही. दोन दिवस खपून मी ती वस्तू केली. खाली रुंद बैठक, तिच्यावर एकामागे एक दोन पायऱ्या, प्रत्येक पायरीत अरुंद खाच. खाचेत पान खोवलं की जरासं मागे रेलून उभं राहायचं. पुढे सात, मागे सहा. समोरच्याला नुसती पाठ दिसायची. बांक देऊन ती अशी वळवली होती की मांडी घालून बसलेल्या माणसाच्या पुढ्यात नीट बसावी. आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी सांध्यांना लावली. आजही मला त्या कामाचा अभिमान आहे. आमच्याकडे सुतार लाकूड ज्याच्यावर ठेवून कापतात त्याला घोडी म्हणतात, म्हणून मी तिला घोडी म्हटलं.

बाबांच्या पुढ्यात ठेवताना माझी पाचावर धारण बसली होती. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, कोनाड्यातले पत्ते काढले, एकेक पान खोवलं, एकेक काढून जमिनीवर आपटलं. मग घोडी काखेत मारली, डोक्यावर इरलं घेतलं आणि मांगराकडे गेले. काकांनी घेतलं त्यांना. संध्याकाळी परत आले ते जेवले आणि झोपले. आईने माझ्याकडे बघितलं. मी हवेत होते.

पण पावसाळा तो पावसाळा. भिंतीला बुरशी येते, मीठ वितळतं, तिथे पुठ्ठ्याची काय कथा? पुठ्ठा दमट होत गेला. मला ते कळायला हवं होतं, पण गुरुजींनी पुठ्ठेकाम दिवाळीनंतर शिकवलं होतं, पावसाचं कोण बोललं होतं? एका दुपारी ऐन रंगात आलेल्या डावात घोडीची मागची पायरी बसली आणि बाबांची सगळी पानं सगळ्यांच्या देखत उताणी पडली. हुकमाची दश्शी वर. डाव तिथेच संपला, बाबांवर कोट चढला. कुणीतरी म्हणालं की घोडीने मालकाला पाडलं, आणि अख्खा मांगर खो खो हसला.

बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या हातात होडीचा भिजलेला काथ्याचा दोर होता. भिजलेला काथ्या वाळलेल्यापेक्षा वाईट. त्यांनी आईला ओसरीवरून ओढत खळ्यात नेलं, थोटूक तिच्या मानेवर ठेवून चिखलात दाबलं आणि दोराने मारत राहिले. मी मध्ये गेले तर मला लाथेने बाजूला केलं. मी ओरडत होते की घोडी मी केली, माका मारा, माका मारा. त्यांना ऐकूच येत नव्हतं. आईच्या तोंडात चिखल गेला होता आणि ती खोकतही नव्हती. तेव्हा काका धावत आले आणि त्यांनी बाबांना मागून मिठी मारून उचललं. नाहीतर माझी आई त्या दिवशीच संपली होती.

आई पाचसहा दिवस पालथी पडून होती. उठली त्या सकाळी तिने पहिली गोष्ट काय विचारली असेल? तुझी ती घोडी खंय आसा. मी म्हटलं, मोडली. ती म्हणाली, दुसरी कर, आणि झाल्यार माझ्याकडे दी, मी तिका अशी करतंय की पावसात बसूची नाय. मला वाटलं आई शेवटी माझ्या बाजूला आली. मी दुप्पट जाड पुठ्ठ्याची दुसरी घोडी केली. पहिलीपेक्षा सरस.

आमच्याकडे काजी, म्हणजे काजूच्या बिया, फोडल्या की टरफलं टाकत नाहीत. बुडाला भोक असलेल्या मडक्यात ती भरून जाळतात आणि खाली तेल गाळून घेतात. काळं, दाट, उग्र तेल. होडीच्या बुडाला, घराच्या वाशांना, खांबांना ते फासलं की पाणी शिरत नाही, वाळवी लागत नाही. प्रत्येक घरात त्याची बाटली असते आणि ती पोरांच्या हाताला येणार नाही अशी वर बांधलेली असते. कारण ते तेल ओलं असताना कातडीला लागलं की कातडी जळते. लगेच नाही. लागतं तेव्हा काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी खाज सुटते, मग फोड येतात, मग साल निघते. म्हणून तेल फासायचं काम मे महिन्यात करतात, कडक उन्हात, आणि नीट सुकेपर्यंत त्या होडीला कुणी हात लावत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आईने हातांना खोबरेल आणि राख चोळली, नारळाच्या सोडणाचा कुंचला केला आणि माझ्या घोडीला आतूनबाहेरून, खाचाखाचांतून ते तेल पाजलं. मग ती चुलीवरच्या शिंकाळ्यात धुराला टांगली. मला बजावलं की हात लाव नको. तिसऱ्या दिवशी काढली, तिच्यावर बारीक राख चोळली, फडक्याने पुसली. घोडी काळी कुळकुळीत आणि कोरडी दिसायला लागली, टिचकी मारली तर लाकडासारखी वाजायची. मी म्हटलं, सुकली गो, आये? ती म्हणाली, सुकली. आणि फडक्यात धरूनच तिने ती बाबांच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

बाबांना वास आला नसेल का? आला असणार. पण त्या तेलाचा वास आमच्या होडीला, मांगराला, घराच्या वाशांना, सगळ्यालाच येतो. त्यांनी घोडी उचलली, वजन बघितलं, काखेत न धरता या वेळी हातात धरली आणि गेले.

त्या दुपारी त्यांनी मांगरात सगळ्यांना झोपवलं. दोन कोट चढवले, त्यातला एक खुद्द काकांवर. आवाज घरापर्यंत येत होते. संध्याकाळी ते आले तेव्हा मी ओसरीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी इरलं उतरवलं, घोडी कोनाड्यात ठेवली आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी डोकं खाली घातलं, सवयीने. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि माझ्या गालावरून फिरवला. खरखरीत, जड हात. मग गाल तळव्यात धरून म्हणाले, "बरा केलंस गो, चेडवा."

मी हे लिहिताना आत्ताही माझा हात गालाकडे जातो. जन्मात पहिल्यांदा बापाने मला मायेने हात लावला होता. मी त्या आनंदात जेवलेसुद्धा नाही. झोपताना तो गाल उशीला लागू नये म्हणून दुसऱ्या कुशीवर झोपले, काय सांगू!

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाबांचा हात सुजून दुप्पट झाला. संध्याकाळी फोड आले. तळव्यावर, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, मोठे मोठे, पाणी भरलेले. त्या हाताने त्यांनी घाम पुसला होता, विडी ओढली होती, डोळे चोळले होते, आणि पुरुष माणूस दिवसभरात हात जिथे जिथे नेतो तिथे तिथे नेला होता. डोळे सुजून मिटले, ओठ फाटले, धोतर अंगाला लावून घेईनात. मांगरातल्या बाकीच्यांच्याही बोटांना खाज सुटली, पानांवरून लागलेली. तिथे होडीचं तेल सांडलं असणार असं म्हणून त्यांनी मांगर धुऊन काढला. बाबा ओसरीवर पडून ओरडत होते. फोड फुटले की खाली लालभडक मांस दिसायचं. वाघासारखा माणूस, एक हात तोट्याने नेलेला आणि दुसरा हा असा. ते मुतायलासुद्धा एकट्याने जाऊ शकत नव्हते. आई घेऊन जायची.

आणि माझ्या गालावर पाच फोड आले. चार बोटांचे आणि एक अंगठ्याचा.

तिसऱ्या दिवशी आई त्यांना पेज भरवत होती. मी समोर बसले होते, गालाला खोबरेलाची पट्टी लावून. आई रोज भरवायची तशीच भरवत होती, करवंटीच्या डवल्याने, फुंकर मारून. एक घास झाल्यावर तिने डवला भांड्यात ठेवला. आवाज चढवला नाही. ती बाबांना कधी नावाने हाक मारत नसे, तुम्ही असंही क्वचित म्हणे. तेव्हाही तिने त्यांच्याशी न बोलता त्या हाताविषयीच बोलायचं ठरवलं असावं.

"ह्यो हात बरो होतलो," ती म्हणाली. "पण परत माझ्यार उठलो, तर परत असोच होतलो. घोडीच कित्याक होयी, तेल ताटाक लावूक येता, लोट्याक लावूक येता. आणि काजी दर वर्साक लागतत."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. बाबांचे डोळे फटीएवढे उघडे होते. त्यांनी आईकडे बघितलं नाही, मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तुका म्हायत होता?" त्यांनी मला विचारलं.

मी नाही म्हटलं. ते खरं होतं. त्यांनी माझ्या गालाच्या पट्टीकडे बघितलं. मग त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं आणि आईने घास दिला.

मला आईचा असा राग आला होता की तिचं तोंड बघू नये असं वाटलं. तिचा जीव वाचला हे मला कळत होतं, मूर्ख नव्हते मी. आणि बाबांची कीव येत होती असंही नाही, त्यांनी भोगायला हवं होतं तेच ते भोगत होते. पण घोडी माझी होती. मी ती खपून, चिरा मोजून, लुगड्याची पट्टी लावून केली होती, आणि आईने तिचा सापळा केला, मला न सांगता. आणि माझ्या बापाने मला उभ्या जन्मात एकदाच मायेने लावलेला हात माझ्या गालावर पिकून बसला होता. संध्याकाळी ती माझी पट्टी बदलायला बसली तेव्हा मी तिचा हात झटकला आणि विचारलं की मला आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तेही खरंच होतं. माझ्या पोटात काही राहत नाही.

मग तिने खोबरेलाचं बोट माझ्या गालावर ठेवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"तो हात कोणाक गोंजारतलो," ती म्हणाली, "ह्या माझ्या सपनातसुदा इला नाय गो."

आणि ती रडली. दोन बोटं मोडली तेव्हा न रडलेली, चिखलात तोंड दाबलं तेव्हा न रडलेली बाई माझ्या गालाला बोट लावून हमसून हमसून रडली. तिच्या मोडक्या बोटांनी धरलेली खोबरेलाची वाटी हिंदकळत होती, ती मी धरली. माझा राग तिथेच गेला असं मी म्हणणार नाही. पण मी तिला पट्टी बांधू दिली.

बाबांचा हात दसऱ्यापर्यंत बरा झाला. आईने घोडी दसऱ्यानंतरच्या कडक उन्हात उघड्यावर चांगली वाळवली. पुढच्या पावसाळ्यात बाबा मांगरात निघाले तेव्हा ती दारात उभी राहिली, घोडी आधी स्वतःच्या उघड्या हाताने धरून दाखवली, आणि मग त्यांनी ती घेतली. दर पावसाळ्याच्या पहिल्या डावाला हे असंच व्हायचं. ताट पुढ्यात आलं की ते वाकून हुंगायचे, मग जेवायचे. रागाने थरथरताना मी त्यांना नंतरही पुष्कळदा बघितलं. हात वर जायचा, आई जागची हलायची नाही, आणि तो हात पंच्यात जाऊन बसायचा. आईवर तो परत कधी पडला नाही.

माझ्यावरही पडला नाही, ना मारायला ना दुसऱ्या कशाला. मी डागाची झाले. गालावर पाच फिकट डाग राहिले, बघायला येणारे विचारायचे, आई सांगायची की लहानपणी काजीचं तेल उडालं. कुडाळकडच्या एका घराने डागांसकट पसंत केली आणि माझं लग्न झालं. निघताना सगळ्यांच्या पाया पडले, बाबांच्या पडले. उठले तर ते माझ्या गालाकडेच बघत होते. त्यांचा उजवा हात थोडासा उचलला गेला आणि थांबला. त्यांनी तो पाठीमागे नेला, धोतराच्या कासोट्याला घट्ट धरला, आणि डावं थोटूक पुढे करून माझ्या गालावरून हळूच फिरवलं. ज्या थोटकाने ते आईचा गळा दाबायचे त्याने. ते फार मऊ होतं. मला माहीत नव्हतं.

आई शेजारी उभी होती. तिने ते बघितलं आणि तोंडाला पदर लावला.